पंच नसलेल्या खेळातील शिष्टाचार

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस नुकतेच आले. पत्र घरगुती आहे. तथापि त्यातील प्रश्न आज ना उद्या पुष्कळ घरांत उपस्थित होण्यासारखा असल्यामुळे या खेपेचे सदर त्यालाच द्यावे असे आम्ही ठरविले आहे. या भगिनींच्या धाकट्या दिरांचा मुलगा एका मोठ्या कंपनीत नोकरीस आहे. त्याच्या वरिष्ठांनी त्याला पुढील महिन्यातील एका रविवारी सकाळी येरवड्याच्या मैदानावर गोल्फ खेळावयास बोलाविले आहे. मुलगा दोन महिने शिक्षकापाशी जाऊन चेंडू मारावयास शिकला आहे. घरात या निमंत्रणावरून दोन तट पडले आहेत. वडीलधारे मामंजी म्हणतात, "साहेब गेले आणि त्यांचे चेंडू तेवढे येथे राहिले!" तरुण मंडळींस मात्र हा मोठा मान वाटतो. भगिनी लिहितात, "चेंडू कसा मारावा हे सांगणारे पुष्कळ मिळाले, पण तेथे वागावे कसे हे सांगणारे कोणी भेटेना. आमच्या घरात हा खेळ कोणी जवळून पाहिलेलाही नाही. मुलाचे तेथे हसे होऊ नये, एवढीच इच्छा."

प्रथम या भगिनींस आम्ही धीर देऊ इच्छितो. गोल्फच्या मैदानावर फटका चुकला म्हणून सहसा कोणी हसत नाही. कारण फटका नवख्याचा चुकतो तसा मुरलेल्याचाही चुकतो. तेथे माणसाचे नाव जाते ते त्याच्या वागण्याने. नवशिक्याने एका भोकास दहा फटके घेतले तरी लोक ते विसरतात. परंतु दुसरा फटका मारीत असताना जो बोलला, किंवा वाळूत आपल्या पावलांचे ठसे तसेच सोडून जो पुढे गेला, त्याला पुन्हा बोलाविताना यजमान विचार करतात. तेव्हा पत्रातील प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. इ.स. १७४४ मध्ये एडिंबरोनजीकच्या लीथ येथील खेळाडूंनी आपल्या चढाओढीसाठी तेरा नियम लिहून काढले. आज उपलब्ध असलेले गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम ते हेच. समुद्रकाठच्या वाळवट, उंचसखल माळावर लहानसा चेंडू काठीने मारीत न्यावयाचा आणि भोकात घालावयाचा, एवढाच खेळाचा सांगाडा. आज भोकाचा व्यास सव्वाचार इंच ठरलेला आहे, पूर्ण मैदानावर अशी अठरा भोके असतात, आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागतात तो जिंकतो. आपल्याकडे हा खेळ फार लवकर आला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा आज चालू असलेला सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा; तो १८२९ साली स्थापन झाला. मुंबईत चेंबूर येथे व पुण्यास येरवड्याकडे जी मैदाने आहेत ती त्या मानाने अलीकडची.

या खेळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात आले म्हणजे त्यातील सारे शिष्टाचार आपोआप उलगडतात. क्रिकेटमध्ये पंच असतो, कुस्तीत असतो, हुतुतूत असतो. गोल्फच्या नित्याच्या खेळात पंच नसतो. मोठ्या सामन्यांत अधिकारी नेमलेले असतात. तरी झाडीत, खड्ड्यात, उंच गवतात पडलेल्या आपल्या चेंडूपाशी खेळाडू पुष्कळदा एकटाच असतो. पायाच्या अंगठ्याने चेंडू दोन बोटे सरकविला तर कोणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून येथे न्यायाधीश, फिर्यादी आणि आरोपी ही तिन्ही कामे एकाच माणसाने करावयाची असतात.

याचे जे उदाहरण गोल्फ खेळणारे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत ते बॉबी जोन्स याचे. १९२५ साली अमेरिकेतील वूस्टर येथे त्या देशाची खुली स्पर्धा चालली होती. पहिल्याच फेरीत जोन्सचा चेंडू उंच गवतात गेला. तो फटक्याच्या तयारीत असता चेंडू किंचित हलला. इतर कोणीही ते पाहिले नव्हते. जोन्सने स्वतः ते सांगितले आणि आपल्या खात्यावर एक फटका वाढवून घेतला. चार फेऱ्यांअंती तो विली मॅक्फार्लेन याच्याशी बरोबरीत आला आणि नंतरच्या निर्णायक खेळात एका फटक्याने हरला. तो एक फटका त्याने सांगितला नसता तर निर्णायक खेळाची वेळच न येता अजिंक्यपद त्याच्या हाती आले असते. पुढे लोक त्याची वाहवा करू लागले तेव्हा तो चिडला, आणि पेढी लुटली नाही म्हणून एखाद्याची स्तुती करावी तसे हे आहे, अशा अर्थाचे काहीसे बोलला, असे सांगतात. आमच्या मते त्या फटक्याइतकेच हे चिडणेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रामाणिकपणा हा त्याच्या लेखी पराक्रम नव्हता. ते नुसते खेळणे होते.

आता प्रत्यक्ष वागणुकीकडे वळू. २०१९ पूर्वी गोल्फच्या नियमपुस्तकाच्या आरंभीच शिष्टाचाराचे स्वतंत्र प्रकरण असे. २०१९ साली नियमांची नवी मांडणी झाली तेव्हा ते वेगळे प्रकरण गेले आणि त्याचे सार अगदी पहिल्याच नियमात घेण्यात आले. खेळाडूने प्रामाणिक असावे, इतरांचा विचार करावा आणि मैदानाची काळजी घ्यावी, अशी ती तीन अंगे आहेत. गंभीर गैरवर्तन करणाऱ्यास स्पर्धेतून काढून टाकण्याचा अधिकारही चालकांस आहे. पहिल्या अंगाविषयी वर लिहिलेच आहे. उरलेली दोन अंगे त्या मुलास उपयोगी पडतील अशा रीतीने सांगतो.

सोबत्यांचा विचार हा निघण्याच्या वेळेपासूनच सुरू होतो. ठरलेल्या वेळेपूर्वी निदान अर्धा तास पोहोचावे. गोल्फमध्ये प्रत्येक टोळीची सुटण्याची वेळ नेमलेली असते. एकाने उशीर केला की त्याच्या सोबत्यांचाच नव्हे, तर मागच्या साऱ्या टोळ्यांचा खोळंबा होतो. पोषाखाविषयी त्या क्लबचे नियम यजमानास आधीच विचारावे. बहुधा कॉलरचा सदरा आणि नीट विजार एवढे पुरते. खिशातील फोनचा आवाज बंद ठेवावा. दुसरा फटका मारावयास उभा राहिला म्हणजे बोलू नये, हलू नये, त्याच्या अगदी पाठीशी किंवा चेंडूच्या रेषेत उभे राहू नये, आणि आपली सावली त्याच्या चेंडूवर पडू देऊ नये. हे शेवटचे नवख्यास माहीत नसते. सकाळच्या कोवळ्या उन्हात सावल्या लांब पडतात, तेव्हा विशेष जपावे.

फटका मारण्यापूर्वी पुढे पाहावे. पुढची टोळी आपल्या चेंडूच्या टप्प्याबाहेर गेल्यावाचून मारू नये. गोल्फचा चेंडू दिसावयास लिंबाएवढा आणि वजनाने चार तोळ्यांच्या आत. पण तो कठीण असतो आणि फार वेगाने येतो. डोक्यास लागला तर जीवावरचा प्रसंग ओढवतो. चेंडू भलतीकडे जाऊन कोणाच्या अंगावर जाण्याची शंका आली, तर संकोच न करता मोठ्याने "फोर!" म्हणून ओरडावे. जगभर याच शब्दाने सावध करण्याची वहिवाट आहे. आपला फटका फसला हे चारचौघांत जाहीर होते म्हणून पुष्कळ नवखे लाजून गप्प राहतात. ती लाज सर्वस्वी चुकीची आहे. ओरडणे हा तेथे असभ्यपणा नव्हे. न ओरडणे हा आहे.

भोकाभोवती अगदी बारीक कापलेल्या गवताची जी गुळगुळीत जागा असते तिला ग्रीन म्हणतात. तेथे पावले हलकी टाकावी. पळू नये, पाय घासू नये. दुसऱ्याचा चेंडू ज्या वाटेने भोकाकडे जावयाचा त्या वाटेवर पाय देऊ नये. वाट अडत असेल तर वळसा घालून जावे. पंक्तीत बसलेल्या माणसाचे ताट ओलांडू नये हे ज्या मुलास लहानपणी शिकविले आहे, त्याला हा नियम मुळीच नवा वाटणार नाही.

आता मैदानाची काळजी. लोखंडी काठीने चेंडू मारताना गवताचा खपला निघतो. तो उचलून जागच्या जागी दाबावा, किंवा तेथील रीत असेल त्याप्रमाणे त्या खड्ड्यात वाळू भरावी. चेंडू उंचावरून ग्रीनवर पडला की तेथे खळगा पडतो. लहानशा दुशाख्याने त्याच्या कडा मध्याकडे ओढून वरून दाबाव्या. खालची माती उपसून वर काढू नये, कारण तसे केल्याने गवताची मुळे तुटतात. वाळूच्या खड्ड्यास बंकर म्हणतात. त्यात कमी उंचीच्या बाजूने उतरावे, आणि निघताना तेथे ठेवलेल्या दाताळ्याने आपल्या पावलांचे व फटक्याचे ठसे सारखे करून यावे.

ज्याने ठसे पाडले तो तर पुढे निघून गेलेला असतो. मग वाळू सारखी करण्याचा लाभ कोणास, असे कोणी विचारील. तो मागून येणाऱ्यास. तो कोण आहे हे आपणास ठाऊक नसते, आणि वाळू कोणी सारखी केली हे त्यालाही कधी कळत नाही. आमच्या लहानपणी एकत्र घरात न्हाणीपाशी तांब्याचा बंब असे. त्यातून गरम पाणी जितके काढावे तितके गार पाणी तत्काळ ओतून ठेवावे, असा दंडक होता. पहाटे कोणी काढले आणि कोणी ओतले हे पाहावयास कोणी उभे राहत नसे. परंतु ज्या दिवशी एखाद्याने आळस केला त्या दिवशी शेवटी न्हाणाऱ्या काकूंच्या वाट्यास रिकामा बंब येई. आता बंब गेले; पण ती शिकवण ज्या घरांतून गेली नसेल, त्या घरातील मुलास बंकरातील दाताळे कशासाठी ठेवलेले असते हे सांगावे लागणार नाही.

मागच्यांचा विचार आणखी एका बाबतीत दिसतो. ती म्हणजे चाल. हळू फटके मारणे हा दोष नाही, पण रेंगाळणे हा दोष आहे. पुढच्या टोळीपासून फार मागे पडू नये. हरवलेला चेंडू शोधण्यास पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून ती तीन झाली आहेत. आपली पाळी आली की चाळीस सेकंदांच्या आत फटका मारावा अशी शिफारस नियमांतच आहे. मागची टोळी जलद असेल आणि आपल्यामुळे खोळंबत असेल, तर बाजूस होऊन त्यांना हाताने खूण करावी व आधी जाऊ द्यावे. यात कमीपणा नाही. नवख्याने तर एका भोकास फटके फारच वाढले म्हणजे यजमानास सांगून चेंडू सरळ उचलून घ्यावा आणि पुढच्या भोकापाशी नव्याने आरंभ करावा. मैत्रीच्या खेळात हे सर्वांस आवडते.

एक गोष्ट आमच्या वाचकांस गमतीची वाटेल. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यास फटक्याविषयी सल्ला देणे गोल्फमध्ये नियमबाह्य आहे आणि देणाऱ्यास त्याबद्दल दंड होतो! ज्या घरात भाजीच्या फोडणीपासून मुलीच्या लग्नापर्यंत प्रत्येक गोष्टीस नऊ जणांचा सल्ला न मागता मिळतो, तेथे हा नियम लागू केला तर काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. मैत्रीच्या खेळात दंड नसला तरी न विचारता शिकविणे तेथेही वाईटच दिसते. तसेच रागाचे. फटका चुकला म्हणून काठी आपटणे, शिव्या देणे किंवा "जमीनच वाईट" म्हणून कुरकुरणे याने चेंडू काही माघारी येत नाही, सोबत्यांची सकाळ मात्र नासते.

स्वतःची चूक स्वतःकडे घेण्याचे याहून कठीण उदाहरण १९६८ चे आहे. अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विचेंझो शेवटच्या दिवशी अतिशय सुंदर खेळला. स्पर्धेत प्रत्येकाचे फटके त्याचा सोबती लिहितो आणि खेळाडू ते तपासून सही करतो. सोबत्याने सतराव्या भोकास तीनाऐवजी चार फटके लिहिले होते, आणि दे विचेंझोने न पाहता सही केली. सही केलेला आकडा जास्त असेल तर तोच कायम धरावा असा नियम असल्यामुळे तो एका फटक्याने मागे पडला, आणि निर्णायक खेळाचा त्याचा हक्क गेला. तो त्याचा वाढदिवस होता. त्याने सोबत्यास दोष दिला नाही, नियमास दिला नाही. मूर्खपणा माझाच, असे म्हणून विजेत्या बॉब गोल्बीची त्याने स्तुती केली.

प्रतिस्पर्ध्याशी कसे वागावे याविषयी एक चांगला आणि एक वाईट असे दोन प्रसंग सांगतो. दोन्ही रायडर चषकाच्या सामन्यांतील आहेत. १९६९ साली इंग्लंडातील रॉयल बर्कडेल येथे अमेरिका आणि ब्रिटन यांचे संघ अगदी शेवटच्या जोडीच्या शेवटच्या भोकापर्यंत बरोबरीत होते. अमेरिकेच्या जॅक निक्लॉसने आपला चेंडू भोकात घातला. ब्रिटनच्या टोनी जॅक्लिनचा चेंडू भोकापासून दोन-अडीच फुटांवर राहिला होता. एवढ्या अंतरावरूनही अशा वेळी हात कापतो. निक्लॉसने खाली वाकून जॅक्लिनची खूण स्वतः उचलली आणि तो फटका न मारताच मान्य केला. तू चुकला असतास असे मला वाटत नाही, पण चुकण्याची पाळी तुझ्यावर आणणार नव्हतो, अशा आशयाचे तो त्याला बोलला. सामने १६ विरुद्ध १६ असे बरोबरीत सुटले. रायडर चषकाच्या इतिहासातील ती पहिली बरोबरी. निक्लॉसच्या कर्णधारास हे रुचले नव्हते. पण आज त्या दिवसाची आठवण निघते ती त्या औदार्यामुळेच.

याच्या उलट १९९९ साली अमेरिकेतील ब्रुकलाइन येथे घडले. सतराव्या भोकावर अमेरिकेच्या जस्टिन लेनर्डने सुमारे पंचेचाळीस फुटांवरून चेंडू भोकात घातला. त्याबरोबर त्याचे सहकारी आणि त्यांच्या बायका आनंदाने नाचत ग्रीनवर धावल्या. वस्तुतः स्पेनच्या होसे मारिया ओलाथाबालचा फटका अजून राहिला होता, आणि तो साधला असता तर ते भोक बरोबरीत सुटले असते. गडबड शांत झाल्यावर त्याने प्रयत्न केला. चेंडू गेला नाही. पुढचे भोक जिंकून त्याने आपला सामना बरोबरीत आणला, तरी चषक अमेरिकेने जिंकला. पुढे अमेरिकेच्या कर्णधारास या प्रकाराबद्दल क्षमा मागावी लागली. त्या लोकांच्या मनात द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. आपल्या आनंदाच्या भरात दुसऱ्याची पाळी अजून यावयाची आहे याचा त्यांना विसर पडला, एवढेच. असा विसर परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आपल्या घरांतही पडतो. एका मुलाच्या पेढ्यांच्या गडबडीत दुसरा मूल कोपऱ्यात बसलेला असतो.

आता ज्या माणसाविषयी शिष्टाचाराच्या याद्यांत शेवटी दोन ओळी असतात, त्याच्याविषयी आम्ही अधिक लिहिणार आहोत. तो म्हणजे कॅडी. काठ्यांची पिशवी वाहणारा, चेंडूवर नजर ठेवणारा, जमिनीचा उतार सांगणारा हा माणूस चार-पाच तास खेळाडूच्या सोबत चालतो. नवख्या खेळाडूहून त्याला खेळ पुष्कळच अधिक कळतो. त्याच ब्रुकलाइनच्या मैदानावर १९१३ साली वीस वर्षांच्या फ्रान्सिस उइमेटने इंग्लंडच्या दोन नामांकित खेळाडूंस हरवून अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. तो स्वतः तेथे पूर्वी कॅडीचे काम करीत असे. त्याची पिशवी उचलणारा एडी लौरी दहा वर्षांचा होता. निर्णायक दिवशी कोणी अनुभवी कॅडी घ्यावा असे त्याला सुचविण्यात आले. उइमेटने त्या मुलासच बरोबर ठेविले. आपल्याकडे १९९१ साली भारताची खुली स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरचा कॅडीच. एस. एस. पी. चौरासिया याचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखण्याच्या कामावर होते. मुलाने २००८ साली दिल्लीस इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली. ज्याच्या हाती आपण पिशवी देतो तो कोण होऊ शकतो, हे आपणास ठाऊक नसते.

म्हणून त्या तरुणास आमचे सांगणे असे की, कॅडीस प्रथम त्याचे नाव विचारावे. तो वयाने मोठा असेल तर "अहो" म्हणावे, "अरे" म्हणू नये. आपला फटका चुकला तर त्याच्या सल्ल्यावर खापर फोडू नये. वाटेत पाणी प्यावयास थांबलात तर आधी त्याला विचारावे. खेळ संपला की टोपी काढून सोबत्यांशी हस्तांदोलन करतात. त्याच वेळी त्याचेही आभार मानावे, आणि ठरलेली मजुरी त्याने मागण्यापूर्वीच हाती द्यावी.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण आहे. सारे शिष्टाचार पाळूनही माणसे किती असभ्य राहू शकतात हे याच खेळाने एकदा जगास दाखविले. दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे सेवसंकर सेवगोलम या नावाचा एक भारतीय वंशाचा गरीब कॅडी होता. लोक त्याला पापवा म्हणत. शिक्षण नाही, शिक्षक नाही. काठीवर हात उलटे धरून तो खेळावयास शिकला आणि १९५९ व १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे हॉलंडची खुली स्पर्धा जिंकून आला. १९६३ साली डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर नाताळ प्रांताची खुली स्पर्धा झाली आणि गोऱ्या खेळाडूंस मागे टाकून सेवगोलमने ती जिंकली. बक्षिसाची वेळ आली तेव्हा पाऊस पडत होता. वर्णद्वेषाच्या कायद्यांच्या त्या राज्यात काळ्या-सावळ्या माणसास क्लबच्या इमारतीत जागा नव्हती. विजेत्याने बाहेर पावसात उभे राहून करंडक घेतला. ते छायाचित्र देशोदेशी गेले आणि लोकांनी धिक्कार केला.

त्या इमारतीतील मंडळींचा विचार आमच्या मनात वारंवार येतो. त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या फटक्याच्या वेळी बोलला नसेल. सर्वांनी वाळू सारखी केली असेल, ग्रीनवरचे खळगे बुजविले असतील, टोप्या काढून हस्तांदोलने केली असतील. शिष्टाचाराच्या पुस्तकातील एकही कलम त्यांनी मोडले नसेल. आणि विजेता दाराबाहेर भिजत होता.

मुंबईतही एके काळी गोऱ्यांच्या क्लबांची दारे हिंदी माणसांस बंद होती. लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असताना, दोघांनाही एकत्र बसता यावे म्हणून त्यांच्या नावाचा निराळा क्लब निघाला, ही हकीकत जुन्या मंडळींस ठाऊक आहे. आपल्या आजोबा-पणजोबांस तो अपमान झोंबत असे, आणि तो झोंबावा हे योग्यच होते. परंतु त्याच काळी आपल्या घरांत काय चालले होते? आमच्या स्वतःच्या घरी आलेल्यास गूळपाणी दिल्यावाचून पाठवू नये, वडिलांपुढे पाय पसरून बसू नये, जेवताना बोलू नये, असे शंभर नियम काटेकोर पाळले जात. त्याच घरी अंगण झाडणाऱ्या बाईस पाणी वरून ओंजळीत घालीत, आणि तिचा मुलगा आमच्याच शाळेत जात असला तरी ओटीच्या पायरीवर चढत नसे. पुढे काळ पालटला. ओंजळ गेली आणि तिच्या जागी कानतुटका निराळा कप आला. तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कितीतरी वर्षे पालथा घातलेला असे. आम्ही तो रोज पाहत होतो, आणि घरातील कोणासही त्यात वावगे दिसत नव्हते. आम्हांसही दिसले नाही. ही गोष्ट लिहावयास बरी वाटत नाही; पण दुसऱ्याच्या क्लबाचे दार दाखविताना आपली खिडकी झाकून ठेवणे हे बॉबी जोन्सच्या खेळात बसणारे नाही.

असो. पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचे उत्तर थोडक्यात असे. मुलाच्या हसे होण्याची चिंता करू नये. त्याने वेळेवर जावे, दुसऱ्याच्या पाळीस स्तब्ध राहावे, पुढे माणूस असता मारू नये, मागच्यास वाट द्यावी, आपले ठसे पुसावे आणि फटके खरे मोजावे. नवखेपण लपवू नये. "मी शिकतो आहे, चुकल्यास सांगावे," असे पहिल्याच भोकापाशी यजमानास म्हणावे. मामंजींस आमचा नमस्कार सांगून कळवावे की, खेळ साहेबांचा खरा. पण बंबात पाणी ओतण्याची रीत आपलीच आहे, आणि ज्याला ती अंगवळणी पडली आहे त्याचे येरवड्याच्या मैदानावर अडणार नाही.

रविवारी दुपारी मुलगा घरी येईल तेव्हा सारे घर त्याच्याभोवती जमेल आणि किती फटके लागले, साहेब काय म्हणाले, खावयास काय होते, असे प्रश्न होतील. ते खुशाल व्हावेत. मात्र या भगिनींनी संधी साधून त्याला आणखी एक विचारावे, "तुझी पिशवी ज्यांनी उचलली, त्यांचे नाव काय रे?" त्याने ते चटकन सांगितले, तर मुलाचे तेथे हसे झाले नाही असे त्यांनी खुशाल समजावे, मग फटके कितीही लागलेले असोत.